मजबूत म्हणजे काय?



गावात कुणाचे घर बांधावयाचे निघाले, की पारावर पहिला प्रश्न विचारला जातो तो हा : "काम मजबूत होणार ना?" आणि उत्तरही ठरलेलेच असते. "मजबूत म्हणजे काय! दोन हात रुंद भिंत आहे, दगडाची!" भिंत जितकी जाड आणि दगड जितका मोठा, तितके घर पक्के, अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. ती कितपत खरी आहे, याविषयी आज तुमच्याशी थोडे बोलावयाचे आहे.

प्रथमच सांगून टाकतो, की मी अभियंता नव्हे. महाविद्यालयात भूगोल शिकवणारा मनुष्य आहे. परंतु दगड आणि माती हा भूगोलाचाही विषय आहे. आज जे सांगणार आहे, त्यातले काही पुस्तकांतून, काही अभियांत्रिकी शिकवणाऱ्या मित्रांकडून, आणि पुष्कळसे गवंड्यांकडून व लोहारांकडून मला मिळाले आहे.

पदार्थाचे गुण ओळखणारे शब्द आपल्या बोलीत काही कमी नाहीत. टणक, चिवट, ठिसूळ, कडक, लवचीक, भुसभुशीत. घरातली बाई पापडाला कडक म्हणते आणि शिळ्या भाकरीला चिवट म्हणते. यात ती कधी घोटाळा करीत नाही. शास्त्रज्ञ तरी निराळे काय करतात? हेच गुण ते एकमेकांपासून वेगळे ठेवतात आणि मोजतात, इतकेच. घोटाळा होतो तो आपण घराविषयी बोलू लागलो म्हणजे. तेथे हे सगळे शब्द बाजूस पडतात आणि 'मजबूत' हा एकच शब्द उरतो.

शिक्षक बंधुभगिनींनो, एक खडू हातात घ्या. तो टेबलावर उभा धरा आणि तळव्याने वरून दाबा. बराच जोर लावला तरी तो मोडत नाही. आता तोच खडू आडवा धरून दोन्ही टोकांनी वाकवा. कट्‌कन दोन तुकडे! खडू तोच, हात तेच. मग असे का व्हावे? वर्गातल्या मुलांना हा प्रश्न घालून थोडा वेळ गप्प बसा. उत्तर त्यांचे त्यांना शोधू द्या. शोधण्यासाठी एक ओली फांदी द्या. फांदी वाकवली, की बाहेरच्या बाजूची साल ताणली जाऊन फाटते आणि आतल्या बाजूची साल सुरकुतते. म्हणजे वाकवणे ही एक क्रिया नसून दोन आहेत : एका बाजूस ताणणे आणि दुसऱ्या बाजूस दाबणे. खडू दाब सोसतो, ताण सोसत नाही. म्हणून ताणाच्या बाजूने तो प्रथम तडकतो.

आपल्या जिल्ह्यात जिकडे तिकडे जो काळा पाषाण आहे, तो या बाबतीत खडूचाच थोरला भाऊ. चांगला पाषाण एका चौरस सेंटीमीटरवर हजार किलोहून अधिक दाब सहज सोसतो. परंतु ताण सोसण्याची त्याची ताकद याच्या दहाव्या हिश्श्याइतकी, किंबहुना त्याहूनही कमी असते. आणि दोन दगडांमध्ये आपण जी माती भरतो, तिला तर ताण म्हणून काही सोसताच येत नाही. मातीत बसवलेले दोन दगड ओढून पाहा, लहान मूलही ते सोडवील.

आता सळया बांधावयाची तार घ्या. ती थोडी वाकवून सोडली, तर परत सरळ होते. ही लवचिकता. जरा जास्त वाकवली, तर वाकलेलीच राहते. परंतु तुटत नाही. हा चिवटपणा. आता ती एकाच जागी सात-आठ वेळा इकडून तिकडे वाकवा आणि ती जागा चटकन गालाला लावून पाहा. गरम लागते! ही ऊब कोठून आली? तुमच्या हाताने जो जोर लावला, तो तारेने गिळला, त्याची ही ऊब. चिवट पदार्थाचे मर्म येथे आहे. तो धक्का गिळतो. वाकेल, लांबेल, वेडावाकडा होईल, परंतु पुष्कळसा जोर आपल्या अंगात जिरवून मगच तुटेल. ठिसूळ पदार्थाला गिळणे ठाऊक नाही. तो ताठ उभा राहतो, आणि एका क्षणी, काही सूचना न देता, मोडून पडतो.

टणकपणा म्हणजे चिवटपणा नव्हे, हे लोहाराइतके कुणाला कळत असेल असे मला वाटत नाही. विळा लाल करून तो पाण्यात बुडवतो. पोलादाला 'पाणी देणे' म्हणतात ते हेच. त्याने धार टणक होते. परंतु तसाच विळा गिऱ्हाईकाच्या हाती दिला, तर दगडावर आपटताच त्याचा टवका उडेल. म्हणून तो पुन्हा हलकाच शेकतो, धारेचा रंग बदलेपर्यंत वाट पाहतो आणि मग थांबतो. थोडा टणकपणा देऊन त्याच्या बदल्यात चिवटपणा घेणे, असा तो व्यवहार आहे. काचेची बांगडी साध्या खिळ्याने ओरखडली जात नाही, इतकी ती टणक. आणि उंबऱ्यावर हात आपटला की फुटते, इतकी ती ठिसूळ. दोन्ही गुण एकाच बांगडीत सुखाने नांदतात.

ओघात आले म्हणून सांगतो. विजापूरची मुलूखमैदान तोफ पुष्कळांनी पाहिली असेल. १५४९ साली ती अहमदनगरला ओतली, पुढे ती आपल्या परांड्याच्या किल्ल्यावर होती आणि १६३२ साली तेथून विजापूरला नेली. ती आहे पंचधातूची. ओतीव लोखंड टणक, पण ठिसूळ. दारूचा भडका आतून तोफेला ताणतो, आणि ताणाने बिडाची तोफ फुटली तर शत्रूच्या आधी गोलंदाजच जावयाचा! तोफ ओतणाऱ्यांना यातले गणित ठाऊक नसेल, पण गुण पक्का ठाऊक होता.

हे सगळे पुराण आज लावण्याचे कारण काय, ते आता सांगतो.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून माणसे उशिरा झोपली होती. पहाटे चार वाजण्यास चार मिनिटे असताना जमीन हलली. मी तेव्हा सातवीत होतो. आमचे गाव उमरगा तालुक्यात. तेथे भांडी खाली आली, भिंतींना चिरा गेल्या आणि सगळे गाव अंगणात येऊन बसले, इतक्यावर निभावले. परंतु माझी आत्या सास्तूरच्या बाजूला एका खेड्यात दिली होती. वडील लगोलग निघाले. तिसऱ्या दिवशी मलाही घेऊन गेले. का नेले, ते मला आजही समजलेले नाही. कदाचित त्यांना एकट्याने पुन्हा तेथे जाववत नसेल.

गाव असे नव्हतेच. दगडांचे ढीग होते आणि ढिगांवर माती होती. गल्ली कोठली आणि घर कोठले हे कळत नव्हते. लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि आपल्या जिल्ह्यातील, तेव्हा उमरगा तालुक्यात असलेले सास्तूर, ही नावे त्या आठवड्यात साऱ्या जगाने ऐकली. दोन्ही जिल्ह्यांतील ५२ गावे इतकी पडली, की ती पुढे नव्या जागी वसवावी लागली. सुमारे १०,००० माणसे गेली. आत्याच्या घरातली चौघे गेली. आत्या राहिली. ती का राहिली, ते पुढे येईल.

भूकंप ६.२ रिश्टरचा होता. हा आकडा लहान नव्हे, तसा फार मोठाही नव्हे. आता शेजारी दुसरा आकडा ठेवून पाहू. त्यानंतर साडेतीन महिन्यांनी, १७ जानेवारी १९९४ रोजी, अमेरिकेत लॉस एंजलिस शहराच्या उपनगरात भूकंप झाला. तोही पहाटेच, साडेचारच्या सुमारास, माणसे घरात झोपलेली असताना. तो ६.७ रिश्टरचा होता, म्हणजे आपल्यापेक्षा मोठा. आणि वस्ती लाखांची. तेथे माणसे दगावली सुमारे ६०. मोठमोठे पूल पडले, इमारती मोडल्या, नुकसान अतोनात झाले. परंतु बहुतेक माणसे ज्या घरांत झोपली होती, ती घरे लाकडी चौकटीची आणि हलकी होती. ती करकरली, वाकली, पण अंगावर आली नाहीत.

म्हणजे आपल्याकडची माणसे केवळ भूकंपाने गेली, असे म्हणता येत नाही. भूकंपाने जमीन हलली. माणसे मेली ती घराने.

ते घर कसे होते, ते आता बारकाईने पाहू. तुमच्यापैकी पुष्कळजण आजही अशाच घरात हे भाषण ऐकत असतील. भिंत दोन-अडीच फूट जाड, कोठे तर त्याहूनही अधिक. परंतु ती एकसंध भिंत नसते. बाहेरून दर्शनी दगड लावतात, आतून दुसरा थर लावतात, आणि मधल्या पोकळीत बारीक दगडगोटे व माती भरतात. म्हणजे खरे पाहता त्या दोन पातळ भिंती पाठीला पाठ लावून उभ्या असतात, आणि त्यांच्यामध्ये भर असते. उभा भार सोसावयास तेवढे पुरे. दाबाखाली दगड दगडावर नीट बसतो, आणि शंभर वर्षे घराला काही होत नाही. म्हणूनच तर आपला विश्वास बसला! परंतु जमीन आडवी हलली, की बाहेरचा थर बाहेर जाऊ पाहतो, आतला आत, आणि मधली भर दोघांना ढकलते. त्यांना एकमेकांशी धरून ठेवणारे काही नसते. भिंतीला पोट येते, आणि ती पडते.

आता वरचे माळवद घ्या. तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा काटक्या, आणि त्यावर पांढरी माती. उन्हाळ्यात थंड, हिवाळ्यात उबदार. आमच्या आजोबांना पत्र्याच्या घरात झोप म्हणून येत नसे, आणि त्यात त्यांचे काही चुकत नव्हते. परंतु माळवद गळू लागले, की दर पावसाळ्याआधी आपण काय करतो? आणखी माती टाकतो. यंदा चार बोटे, पुढच्या साली चार बोटे. बापाने टाकली, मुलाने टाकली. काढली मात्र कुणी नाही. अशी ती फूट, दीड फूट, दोन फूट होते.

पाटी-पेन्सिल घेऊन हिशेब करू. दाबून बसलेली कोरडी माती एका घनफुटाला साधारण ४५ किलो भरते. खोली दहा फूट बाय बारा फूट, माती दोन फूट. म्हणजे २४० घनफूट माती. गुणाकार करा : १०,८०० किलो. जवळजवळ ११ टन! भरलेला मालट्रक छपरावर उभा करून त्याखाली आपण अंथरूण घालतो, असे म्हटले तरी चालेल. याच खोलीवर पत्रे घातले, तर पत्र्यांचे वजन ५०-६० किलो, फार तर नळ्या आणि खिळेमोळे धरून दीडशे.

वजनाचा आणि भूकंपाचा संबंध काय, असे कुणी विचारील. तुम्ही एस.टी.त उभे असता आणि गाडी एकदम सुटते. पाय गाडीबरोबर पुढे जातात, धड मागे राहते, आणि तुम्ही मागच्याच्या अंगावर. घराचेही तसेच. पाया जमिनीबरोबर सरकतो, छप्पर जागीच राहू पाहते, आणि त्या छपराला ओढून नेण्याचे काम मधल्या भिंतीवर पडते. छप्पर जितके जड, तितके ओढणे कठीण. अकरा टन वजन एका सेकंदात इकडे, दुसऱ्या सेकंदात तिकडे ओढावयाचे, आणि तेही मातीत बसवलेल्या दगडांनी! दाब सोसणाऱ्या वस्तूला आपण ताण सोसावयास सांगितले. खडू आडवा धरला.

अशा वेळी जे वाचले ते काय, हे पाहण्यासारखे आहे. अनेक ठिकाणी गावाच्या कडेला असलेल्या गरिबांच्या कुडाच्या झोपड्या, गवताची आणि पत्र्याची छपरे राहिली, आणि मधले दगडी वाडे गेले. ज्यांना आयुष्यभर पक्के घर बांधता आले नाही, त्यांची मुले जगली. आणि दुसरे असे, की जेथे माळवदाचा भार लाकडी खांबांच्या खणांवर होता आणि भिंत नुसता आडोसा होती, तेथे पुष्कळदा भिंती बाहेर कोसळल्या, परंतु खण उभे राहिले. माझी आत्या मधल्या खणात, खांबाशी निजली होती. बाकीचे भिंतीच्या कडेला होते. लाकूड दगडापेक्षा किती तरी मऊ. नखाने ओरखडा उठतो त्यावर. परंतु ते ताण सोसते, वाकते आणि धक्का गिळते. तो सागवानी खांब मी पाहिला. ओळंब्यातून पार गेलेला, एका बाजूला कललेला, पण उभा.

भूकंपानंतर आपल्याकडे दगडाची अशी काही धास्ती बसली, की लोक म्हणू लागले, दगडाचे घर नको, काहीही करा पण सिमेंटचे बांधा. मला हे मत पटत नाही. एक चुकीची समजूत जाऊन तिच्या जागी दुसरी येऊन बसली, एवढेच. दगडाचा त्यात काय दोष? तुळजापूर तालुक्यात नळदुर्गच्या किल्ल्यात जाऊन पाहा. बोरी नदीवरचा तो बंधारा आणि त्याच्या पोटातला पाणीमहाल सतराव्या शतकाच्या प्रारंभी, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या अमदानीत बांधला. आज चारशे वर्षे तो पावसाळ्यातला लोंढा अंगावर घेत आहे. दगड तोच, आपलाच काळा. परंतु तेथे तो घडवून, चुन्यात, सांध्याला सांधा मिळवून बसवला आहे, आणि काम त्याला त्याच्या स्वभावाचे दिले आहे. बंधारा आपल्या वजनाने पाणी अडवतो. कमानीतला प्रत्येक दगड शेजारच्याला दाबतो, ताणीत नाही. ज्याला जे सोसते ते त्याला द्यावे, ही कारागिरी.

भारतीय मानक ब्यूरोने अशा दगडी घरांसाठी नियम दिले आहेत. ते त्याच १९९३ सालचे आहेत. त्यातल्या दोन-तीन गोष्टी फार सोप्या आहेत. पहिली ऐकून तुम्हांला नवल वाटेल. भिंत दीड फुटापेक्षा जाड नको! जाड भिंतीत भर येते आणि वजन वाढते, म्हणून नको. दुसरी गोष्ट, भिंतीच्या आरपार जाणारे दगड घालावे : एकच लांब दगड, ज्याचे एक तोंड आत आणि दुसरे बाहेर दिसेल. दर दोन फूट उंचीला, आणि आडव्या अंतरात दर चार फुटांच्या आत एक. हा दगड भिंतीच्या दोन्ही थरांना शिवून टाकतो, गोधडीला टाका घालावा तसा. तिसरी, दरवाजा-खिडक्यांच्या वरच्या पातळीला सगळ्या घराभोवती सलग सिमेंट-काँक्रीटचा सळईचा पट्टा फिरवावा. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवतात ना, तसा. आरे आणि पुठ्ठे लाकडाचे, पण धाव ढिली झाली की चाक खिळखिळे झालेच. ताण घ्यावयाचा तो धावेने.

आणि जुने घर असेल तर? तेही मोडावे लागत नाही. भिंतीतला एखादा दगड हलकेच काढून आरपार भोक पाडतात. ते दोन्ही तोंडांशी रुंद आणि मध्ये अरुंद ठेवतात. त्यात टोके वळवलेली सळई ठेवून काँक्रीट भरतात. झाला आरपार दगड तयार. भूकंपानंतरच्या वर्षांत ही रीत आपल्या गवंड्यांना शिकवली होती. शिकलेले हात अजून आहेत; त्यांना काम सांगणारे मात्र मला फार थोडे भेटतात.

आता सिमेंटकडे वळू, कारण नवे घर बहुतेक त्याचेच होणार. सिमेंट-काँक्रीट हा एक बनवलेला दगड आहे, हे पक्के ध्यानात धरावे. गुणही दगडाचेच : दाब चांगला सोसते, ताण त्याच्या दहाव्या हिश्श्याइतका. ताणासाठी त्यात सळई घालतात. हे लग्न जमले याचे एक कारण असे, की ऊन लागले म्हणजे लोखंड आणि काँक्रीट जवळजवळ सारख्याच प्रमाणात वाढतात. नाही तर आपल्या उन्हाळ्यात दोघांचे कधीच फाटले असते. सळई ताणाच्या बाजूला हवी. खोलीवरच्या स्लॅबमध्ये मध्यभागी ती खालच्या अंगाला असते, कारण स्लॅब खाली झुकू पाहतो. परंतु भिंतीबाहेर काढलेल्या सज्जात ती वरच्या अंगाला हवी. सज्जा टोकाकडून झुकतो आणि वरून ताणला जातो. काँक्रीट टाकताना माणसे त्या सळयांवर पाय देऊन त्या खाली दाबून टाकतात, आणि दिसावयास सज्जा छान दिसतो. माझ्या परिचयाच्या एका घराचा सज्जा असाच फळ्या काढताच खाली आला. नशीब की दुपारची सुट्टी होती.

सळई विकत घेताना तिच्यावर उठवलेले आकडे वाचा. ५०० हा आकडा ताकदीचा. एका चौरस मिलिमीटरवर ५०० न्यूटन, म्हणजे सुमारे ५० किलोचा ताण पडेपर्यंत ती कायमची लांबणार नाही. पण त्या आकड्यापुढे 'डी' हे अक्षर आहे का, तेही पाहा. हे अक्षर चिवटपणाचे. नुसती ५०० ची सळई तुटण्यापूर्वी शंभराला निदान १२ भाग लांबली पाहिजे, आणि 'डी' असेल तर निदान १६, असे आपले मानक सांगते. दुकानदार ताकदीचा आकडा मोठ्याने सांगतो. अक्षराबद्दल आपणच विचारावे लागते.

पाण्याबद्दल दोन शब्द. काँक्रीट घट्ट वाटले, की मजूर त्यात बादलीभर पाणी ओततो. मग ते आमटीसारखे वाहते आणि काम लवकर उरकते. परंतु सिमेंटला लागते त्यापेक्षा जास्त झालेले पाणी पुढे उडून जाते आणि आपल्या जागी बारीक बारीक पोकळ्या ठेवून जाते. पोकळी म्हणजे कमी ताकद. तेरच्या जुन्या विटा पाण्यावर तरंगतात, हे तुम्ही ऐकले असेल. विटेच्या मातीत भुसा मिसळून ती भाजली, तर भुसा जळतो, पोकळी राहते आणि वीट हलकी होते. तेथे हलकेपणा जाणून-बुजून मिळवलेला असतो. खांबात नकळत पोकळी ठेवणे ही निराळी गोष्ट. ओतताना कमी पाणी, आणि ओतल्यावर भरपूर, असा क्रम हवा. काँक्रीट वाळून घट्ट होत नसते, पाण्याशी संयोग होऊन घट्ट होते. म्हणून किमान सात दिवस, आणि राखमिश्रित सिमेंट असेल तर दहा दिवस, ते ओले ठेवावे. आपल्याकडे उन्हाळ्यात प्यावयास पाणी नसते, तेथे भिंतीला कोठून, असे तुम्ही म्हणाल. म्हणूनच शक्य तर स्लॅब वैशाख टाळून टाकावा, आणि पोती ओली करून अंथरावीत.

कुणाला वाटेल, एकदा झाला भूकंप, आता परत कशाला होतो? १९९३ पूर्वी जाणकारांनाही तसेच वाटत होते. त्या वेळच्या नकाशात आपला भाग सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या विभागात होता. २००२ साली नकाशा बदलला, तेव्हा किल्लारीचा परिसर तिसऱ्या विभागात घातला. उस्मानाबादचे नाव धाराशिव झाले, सातवीतला मुलगा केस पिकवून प्राध्यापक झाला. खालच्या खडकाच्या हिशेबी हा काळ म्हणजे काहीच नव्हे.

आमच्या गावाकडच्या घरात अजून माळवद आहे. काका-काकू तेथेच राहतात, आणि ते घर सोडणार नाहीत. गेल्या ज्येष्ठात मी गेलो, तो काकांनी पांढऱ्या मातीची गाडी आणून दारात ओतून ठेवलेली. "मधली खोली गळते, वर चार बोटे चढवायची." मी त्यांच्याशी वाद घातला नाही. पाटी मागितली आणि वरचा हिशेब त्यांच्यासमोर केला. ते बराच वेळ आकड्याकडे पाहत बसले. मग म्हणाले, "गळतंय त्याचं काय?" प्रश्न रास्त होता. आम्ही दोन गडी लावले, वर चढलो आणि माती काढावयास लागलो. आठ इंच ठेवून बाकीची काढली. त्या आठ इंचांच्या तळाशी जाड प्लास्टिकचा कागद घातला, आणि तीच माती वर पसरून धुमसली. खोली दहा बाय बाराचीच. काढलेली प्रत्येक पाटी काकू खाली बसून कोळशाने भिंतीवर रेघ मारून मोजत होत्या. संध्याकाळी रेघा मोजल्या, तर पाचशेच्या वर भरल्या. काका अंगणातल्या मातीच्या ढिगाभोवती एक फेरी मारून आले. "इतकं होतं होय डोक्यावर!" म्हणाले, आणि शेजारच्या खोलीच्या माळवदाला शिडी लावावयास सांगितली.